मलकापूरचा सांगावा

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. मलाही पटली नव्हती.

१९९५ च्या मे महिन्यातला दुसरा शनिवार. रात्र नव्हे, भर दुपार. सव्वाबारा वाजले होते. ठिकाण, सातारा जिल्ह्यातलं घाटमाथ्यावरचं एक लहान गाव. नाव सांगत नाही. तिथं दोन जुनी वस्तुसंग्रहालयं आहेत आणि माणसं अजून हौसेनं बघायला जातात.

हे घडलं माझ्या दाजींच्या बाबतीत. मायाआक्का माझी थोरली बहीण, कपिल तिचा नवरा. चार वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. का, ते कळेलच.

कपिल इस्लामपूरला एका साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. लग्नाला तीन वर्षं झाली तरी दोघं कुठं गेले नव्हते. माया नर्स. तिला सुट्टी मिळायची तेव्हा याचा गळीत हंगाम. शेवटी मे महिन्यात जमलं, तर हा पठ्ठ्या ऑफिसच्या मशीनवर सहलीचा कार्यक्रमच टाइप करून बसला! शनिवार, दुपारी बारा: वस्तुसंग्रहालय क्रमांक दोन. सोमवार: मलकापूर, सासुरवाडी, मटण. एक कार्बन कॉपी मलकापूरला आमच्या वडिलांना, आबांना, पोस्टानं आली. आबांनी ती भिंतीला डकवली आणि येईल त्याला दाखवली.

"आवं, लोक बायकोला माथेरानला न्हेत्यात," माया म्हणाली. "तुमी जुनी भांडी दावायला न्हेताय व्हय?"

"माझा आजा तिथलाच. त्यानं काय सोडलं, ते एकदा बघायचं हाय."

आजा म्हणजे तात्याबा. छप्पन्न साली त्यानं धम्म घेतला आणि गाव सोडलं. त्याआधी गावात कुणी मेलं की सांगावा न्यायचं काम त्यांच्या घरावर लादलेलं. ताप असो, पूर असो, पाव्हण्यांच्या गावाला चालत जायचं, दाराबाहेर उभं राहायचं आणि सांगायचं, अमका गेला. सांगावा नेताना हातात धरायची ती घुंगराची काठी तात्याबानं एक दिवस कचेरीत नेऊन ठेवली. परत उचलली नाही.

पुढं त्याच्या घरात एकच नियम होता. हाक आली तर 'जी' म्हणायचं नाही. 'काय?' म्हणायचं. ताठ मानेनं.

कपिलनं तो नियम लहानपणी पाळला. पण सात वर्षं साहेबाच्या हाकेला 'जी साहेब' म्हणून त्याची जीभ वळली होती.

दुसरं संग्रहालय म्हणजे तीच जुनी कचेरी. राखणदार लालासाहेबानं दोन तिकिटं फाडली.

"निवांत बघा. मी भाकरी खाऊन येतो. वर कोण न्हाई."

माया खाली समया बघत रेंगाळली. कपिल एकटाच जिना चढून गेला.

लांबट खोली. एका बाजूला गादी-तक्क्यांची बैठक, दोरी लावून अडवलेली. समोर काचेचं कपाट. आत काठी. खाली चिठ्ठी चिकटवलेली: 'काठी, गावकामगाराची.'

कुणाची, ते लिहिलं नव्हतं. कपिलला राग आला. काचेवर तळवा टेकून तो तसाच उभा राहिला.

आढ्यावर पारवे घुमत होते...

ते थांबले.

खालून मायाच्या चपलांचा आवाज येत होता...

तोही थांबला.

मग पाठीमागं कुणीतरी खाकरलं.

"कोण हाय रं तिकडं?"

आवाज मोठा नव्हता. ज्याला कधी मोठ्यानं बोलावं लागलंच नाही, अशा माणसाचा तो आवाज होता.

"जी," कपिल म्हणाला.

म्हणाला आणि जीभ चावली. पण शब्द निसटला होता.

"सांगावा न्यायचा हाय. मलकापुरास जा. अर्जुनाच्या दारात हुबा ऱ्हा..."

अर्जुना म्हणजे आमचे आबा.

"...म्हणावं, तुमची माया गेली."

कपिल गर्रकन वळला.

बैठकीवर कुणी नव्हतं. गादी मात्र मधोमध दबलेली होती... आणि हळूहळू वर येत होती.

"माया!"

ओ आली नाही.

जिन्याच्या चार पायऱ्या त्यानं एका उडीत उतरल्या. माया समयांपाशी उभी होती. धडधाकट. पण चेहरा पांढरा पडलेला.

"तुमी वर कुणाला जी म्हणाला?"

"कुणाला न्हाई."

"मग तुमच्या आधी खाकरलं कोण?"

कपिलनं तिचा हात धरला आणि ओढतच बाहेर काढलं. दोनच्या एसटीनं दोघं घाट उतरले.

गाडी कराडला आली. मलकापूर तिथून हाकेच्या अंतरावर. माया पिशवी घेऊन उठली, तर हा सीटवरून हलेना. उतरायचं नाही म्हणाला. ती रडली, भांडली, गाडीतली माणसं बघायला लागली. यानं पुढच्या सीटची दांडी सोडली नाही.

त्या दारात आपण उभं राहिलो की सांगावा पोचला, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. न्यायचाच नाही. मग काय होईल?

पण आम्हाला हे कुठं ठाऊक होतं? सोमवारी आईनं मटण शिजवलं. आबा संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसून राहिले.

त्यानंतर जावई आमच्या दारात आला नाही. दिवाळी नाही, भावकीतलं लग्न नाही. माया एकटी यायची आणि विचारलं की डोळे पुसायची. गेल्या वर्षी आबा गेले. मातीलाही हा आला नाही. लोकांनी तोंडाला येईल ते बोलून घेतलं. त्या दिवशी मी ठरवलं, याला एकदा धरायचाच.

गेल्या रविवारी इस्लामपूर गाठलं. माया ड्युटीवर होती. मी सरळ कॉलर धरली.

"दाजी, माझा बाप तुमची वाट बघत मेला. का आला न्हाई, सांगा."

"सिद्धू, इचारू नगंस. पाया पडतो तुझ्या."

"आज ऐकल्याबगर उठत न्हाई."

तो बराच वेळ रडला. मातीच्या दिवशी कराडच्या स्टँडवर सकाळपासून अंधार पडेपर्यंत बसून होतो, म्हणाला. पुढं यायला पाय उचलला नाही. मग एकेक करत सगळं सांगितलं. पारवे, गादी, तो आवाज. आणि शेवटी ते चार शब्दही त्याच्या तोंडून बाहेर पडले.

"म्हणावं, तुमची माया गेली."

बोलला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. माझ्याकडं बघत राहिला.

मला कळायला थोडा वेळ लागला...

आबा गेल्यावर मलकापूरचं ते घर आता माझं आहे. सांगावा पोचला होता.

पाच वाजता माया ड्युटीवरून आली. आम्हा दोघांची तोंडं बघून आधी घाबरली, मग हसली, चहा ठेवला. जाताना मला डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता मी एसटीडी बूथवर जातो. तिला फोन लावतो.

"रोज काय रं फोन? पैसं लय झाल्यात व्हय?"

"सहज गं आक्का."

त्या माणसानं बायकोसाठी चार वर्षं शिव्या खाल्ल्या, सासऱ्याची माती चुकवली, पण तोंड उघडलं नाही. मी अर्ध्या तासात त्याचं तोंड उघडलं. वर कॉलर धरून.

आज सकाळीही फोन लावला. बेल वाजत राहिली... सात, आठ, नऊ.

दहाव्या बेलला उचलला. बाथरूममध्ये होते म्हणाली.

बूथमधून बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. उद्या पुन्हा सात वाजणार आहेत.