खातेदाराने स्वतः हजर राहावे

लुझ्वी चौथ्यांदा इंटरनेट कंपनीच्या काउंटरवर गेली तेव्हा मंगळवारची सकाळ होती आणि फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या त्या मॉलमध्ये झाडूवाल्या बायकांशिवाय कुणी नव्हतं. घरचं इंटरनेट बंद करायचं, एवढंच काम. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला तिने पुढे सरकवला. काउंटरवरचा टिओफिलो, पन्नाशीचा टकला माणूस, त्याने तो न उलगडताच परत दिला. करार दोन वर्षांचा, चौदा महिने बाकी, आणि मध्येच बंद करायचं तर खातेदाराने स्वतः येऊन सही करायची.

"अहो, तो मेलाय."

"कळतंय मॅडम. पण तसं कलम नाही."

कसलं डोंबलाचं कलम! आर्सेनिओ जहाजावर खलाशांचा मुकादम होता. नऊ नऊ महिने समुद्रावर, आणि सगळा जीव घरी स्वयंपाकघरात बसवलेल्या कॅमेऱ्यात. ती कुणाशी हसली, दारात किती वेळ उभी राहिली, सगळं तिकडून फोनवर बघायचा, डोक्यात ठेवायचा, आणि रजेवर आला की बडवून काढायचा. तीन महिन्यांपूर्वी तो परक्या बंदरात कोसळला आणि पेटीतून घरी आला. लुझ्वी रडली नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

पण कॅमेरा अजून मान वळवत होता. प्लग काढला तरी. ती मासे साफ करायला बसली की तिच्याकडे, उठली की तिच्यामागे.

टिओफिलोने अर्ज पुढे केला. त्यात एक रकाना होता, खातेदाराचा सध्याचा पत्ता. लुझ्वीचं डोकंच सटकलं. तिने ठळक अक्षरांत लिहिलं: मोलोची दफनभूमी, तिसरी रांग, वरचा कप्पा.

"तुम्हाला तोच हवाय ना? मग घ्या बोलावून."

बोलली आणि तिने जीभ चावली. मेलेल्याला असं बोलावत नाहीत, हे मोलोतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टिओफिलोने शिक्का मारला. हजर राहण्याची नोटीस त्या पत्त्यावर आजच जाईल, म्हणाला.

दुपारी तिने कोयता घेतला आणि खांबावरून घरात आलेली इंटरनेटची तार सरळ छाटून टाकली. तासाभरात लाइनमन शिडी घेऊन दारात. तार तोडल्याची सरांची तक्रार आली म्हणे. कुठले सर, असं तिने विचारलं.

"तुमचेच, मॅडम. फार चिडलेत."

तार जोडून तो निघून गेला. ती आत आली. कॅमेऱ्याने मान वर केली.

तिने कोयता घातला. एकदा, दोनदा. काचा व्हिनेगरमधल्या माशांत उडाल्या. तिसऱ्यांदा हात वर गेला आणि मागून कुणीतरी मनगट धरलं.

हाड कडकन मोडलं.

मग कानाखाली एक. मग पोटात. ती चुलीपाशी कोसळली तेव्हा तोंडात रक्त होतं आणि खोलीभर ओल्या सिमेंटचा वास, दफनभूमीत त्याचा कप्पा लिंपून बंद केला तेव्हा आला होता तसा.

खोलीत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती हात गळ्यात बांधून पुन्हा काउंटरवर गेली. इंटरनेट गेलं खड्ड्यात. आता फक्त ती नोटीस मागे घ्यायची होती.

टिओफिलो खाली बघत होता. त्याचा ओठ फाटला होता, आणि रक्त सदऱ्यावर वाळलं होतं.

"ते आले होते, मॅडम. बंद करायचं नाही म्हणाले. आणखी दोन वर्षांची सही केली. तुम्ही इथे किती वेळा आलात, माझ्याशी काय बोललात, तेच पुन्हा पुन्हा विचारत होते."

"गेला कधी?"

टिओफिलोने तिच्या खांद्यामागे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

लुझ्वीने मागे पाहिलं नाही. कुणीतरी तिची मुडपलेली कॉलर सरळ केली. चारचौघांत नेताना तो करायचा तशी, अगदी हलक्या हाताने.