पाचवा ठिपका

"बाई, पोटावर गोंदता का?"

मी मान वर केली. चामोर्शीच्या आठवडी बाजारात माझ्यापुढे बायका बसतात, हात पुढे करतात आणि सुई टोचली की मला मनसोक्त शिव्या घालतात. गडीमाणूस आलाच तर दंडावर मारुती काढून घेतो. आणि हा... कानशिलं पिकलेली, खांद्यावर कुऱ्हाड, नजर जमिनीवर... हा पोटावर म्हणतो!

"काय काढू, भाऊ? वाघ?"

"नाई... ठिपके. चारच."

शेजारी हळद विकणारी सुकरी फस्सकन हसली. तो कानापर्यंत लाल झाला. प्यायला असेल म्हणावं, तर अंगाला वास सागाच्या भुशाचा. त्या साली नवे पैसे आले होते. आण्याचे पैसे किती, यावरून अख्खा बाजार गोंधळलेला होता. मी मात्र त्या चार ठिपक्यांनी गोंधळले.

मी बांबूच्या तट्ट्याचा आडोसा केला, चटई टाकली. तो अवघडून निजला, धोतराची गाठ जराशी खाली सरकवली आणि डोळे मिटून घेतले. बेंबीखाली दोन आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक अशा जांभळ्या शाईच्या फुल्या होत्या. घामाने विटत चाललेल्या.

"हे कोणी काढलं?"

"नागपूरच्या डाक्टरनं." मग डोळे न उघडताच त्याने सगळं सांगितलं. नाव लटारू. जंगलखात्याच्या झाडतोडीवर कामाला. घरी दोन बैल, बाकी कोणी नाही. "लघवीच्या पिशवीखाली गाठ हाये म्हणते. कॅन्सरची. दोन वाटा सांगतल्या. एक आपरेशन... पण त्याच्यानंतर गडी, गडी राह्यत नाई. नाई तं मशीनखाली निजाचं, रोज, दीडेक महिना. किरणं सोडते. दिसत नाई, आवाज नाई. ह्या फुल्यांवर नेम धरते. पुसू देऊ नका म्हणे."

"मंग तुमी काय ठरवलं?"

"मशीन. तिथी तं हो म्हणलो, बाई. माहा नंबर पुढच्या हप्त्यात हाये. बैलांची सोय लावाले गावी आलो, अन्..."

"अन् काय?"

त्याने डोळे उघडले. इतक्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत इतकं भेव मी कधी पाहिलं नव्हतं.

"जंगलात ज्या झाडावर साहेब निशाणी मारते, ते झाड पडते. मीच पाडतो. आता माह्याच अंगावर निशाणी! मनात आलं, येऊ दे घाम, जाऊ दे पुसून. पुसलं का सुटलो. मंग रातभर डोळ्याले डोळा नाई... पुसलं तं काय होईन म्हणून. माह्या मनाचा मलेच भरवसा नाई. तुमी गोंदून टाका. गोंदलं का पळता येत नाई."

मला हसावं की रडावं कळेना. लोक देवाला नवस करून स्वतःला बांधून घेतात. हा माझ्या सुईने बांधून घ्यायला आला होता. नको म्हटलं असतं तर तो उठून गेला असता, आणि कदाचित कधीच नागपूरला गेला नसता. हे कळलं आणि मी कामाला लागले.

मी काजळी तेलात खलली, सुया उकळत्या पाण्यातून काढल्या. "तुमच्या साहेबाची निशाणी झाड पाडासाठी असंन," मी म्हटलं. "माही राखासाठी असते. बाई मेली तं दागिने इथीच राह्यते, गोंदण संगं जाते."

"म्हंजे मेल्यावर कामी येईन म्हणता?"

मी हसले. तोही हसला. हसल्यावर तो फार बरा दिसत होता... आणि मला हे कशाला दिसावं, याचा मला रागच आला. नवरा जाऊन कितीतरी पावसाळे झाले होते. मी असल्या गोष्टी बघत नसे.

"बाई... तुमचा डावा हात भरून हाये. उजवा कोरा काऊन?"

"माह्याच उजव्या हातानं माहाच उजवा हात कसा गोंदू? मायनं गोंदला असता, पण ती लवकर गेली."

"दुसरं कोणी नाई?"

"गप निजा. नेम चुकन."

प्रत्येक फुलीच्या बरोबर मधोमध एकेक ठिपका उठला. वर हळद लावली. काम संपलं होतं. तरी मी त्याचा हात ओढला आणि अंगठ्याच्या बेचक्यात आणखी एक ठिपका टोचला. का? मला काय ठाऊक! सुई हातात होती आणि हात माझा ऐकत नव्हता.

"हा कोणाचा?" त्याने विचारलं.

"ते चार डाक्टरचे. हा माह्या मर्जीचा. मशीनखाली भेव वाटलं का... ह्याच्याकडं पाहा."

तो ठिपक्याकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे. मग कुऱ्हाड विसरूनच चालू लागला. ती द्यायला मला अर्ध्या बाजारातून त्याच्यामागे पळावं लागलं.

परत आले तर सुकरी टपूनच बसलेली. "काऊन वं धुरपता, येताना भाऊ होता. जाताना एक डाव भाऊ म्हणलं नाईस त्याले?"

मी तिच्या हळदीत पाणी ओतायचं तेवढं बाकी ठेवलं.

पुढे बाजारामागून बाजार गेले. गर्दीत कोणी खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला दिसला की माझी सुई चुके आणि बायकांच्या शिव्या वाढत. वाईट वाटायचं, मग चीडही यायची. तासाभराची ओळख, त्यात माणूस निजलेला... याला काय म्हणायचं? मन म्हणे तो मेला असेल, आणि तेच मन म्हणे तोंड धुऊन ये, आज येईल.

मोहफुलं पडायला लागली तेव्हा तो आला. काठी टेकत, निम्मा होऊन. मी उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

"बसा ना, बाई. मलेच बसाले वेळ लागते," तो म्हणाला आणि सावकाश चटईवर टेकला. "थकवा जातच नाई. लघवीले आग होते, रातभर उठबस. कातडी पाहा तं चुलीमागच्या भिंतीवानी काळी. पण डाक्टर म्हणे गाठ आकसली. पुढचं पुढं पाहू म्हणे."

"अन् ठिपके?"

"पाहून पोट धरून हासला तो. मंग म्हणे, बरं झालं, रोजची शाई वाचली. हातावरचा पाहून म्हणे, हा कायचा? मी म्हणलो, हा भेवाचा." त्याने तो हात पुढे केला. "रोज ह्याच्याकडंच पाहत निजलो... धुरपता."

नाव घेतलं! कोणाला विचारून ठेवलं होतं, कोण जाणे.

"एक सांगतो, मंग एक विचारतो," तो खाली बघत म्हणाला. "आपरेशन नाई केलं, तरीई मी पहिल्यावानी होईन का नाई, डाक्टरले सांगता येत नाई. गाठ परतून येईन का, तेही नाई. हे सांगाचं होतं."

"अन् विचाराचं?"

"...माह्याशी पाट लावता का?"

सुकरीचा तराजू हवेत थांबला. विधवेला पाटाचं, दुसऱ्या लग्नाचं विचारणं आमच्यात नवं नाही, पण भरल्या बाजारात, तेही असं सगळं आधी सांगून? मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. इतके दिवस जे समजत नव्हतं ते आता समजलं. मला हा माणूस हवा होता, जितके दिवस मिळेल तितके दिवस.

"गोंदणारीण हाये मी," मी म्हटलं. "पुसून जाईन असं काही मी काढत नाई." आणि सुई त्याच्या हातात देऊन कोरा उजवा हात पुढे केला.

"मले कुठी येते? मी कुऱ्हाडीचा माणूस!"

"मंग हळू धरा."

त्याने ती कुऱ्हाडीसारखीच धरली. सुई भलतीच खोल गेली आणि आयुष्यभर ऐकलेल्या सगळ्या शिव्या मी त्याला एका दमात परत केल्या. सुकरी हसून हसून हळदीवर पडली.

ठिपका वाकडाच उठला. अजून बायका हात पुढे करताना तो पाहतात आणि बिचकून विचारतात, बाई, तुले गोंदता येते ना?

मी सांगते, हा माझ्या हातचा नाही. माझ्या माणसाच्या हातचा आहे.