दशीचं माप

लाईट गेली की आकारामनाना कट्ट्यावर पोरं गोळा करायचे. म्हणायचे, "खोटं वाटलं तर गौस मिस्त्रीला इचारा. अजून जिता हाय त्यो."

दोन हजार तीन साल. तुळशीचं लग्न लागलं ती रात्र. उत्तरेश्वर पेठेत गंगव्वाच्या न्हाणीतला जुना शॉवर बदलायला गौस दिवेलागणीला गेला. त्याचा गंजलेला कॉक निघता निघता दुकानं मिटली, आणि मग कळलं घोळ काय ते. भिंतीतला पाईप पाऊण इंची, नवा कॉक अर्धा इंची.

"अव्वा, हत्तीच्या पायाला पोराची चप्पल झाली ही! मधी दोन्ही जोडणारा रेड्युसर लागतोय. वर्षभर गळत ठेवलासा, आदीच बोलवायचं की मला."

"कशाला बोलवू? रेड्युसर माझा श्रीशैल आणणार हुता."

श्रीशैल तिचा थोरला. कागलच्या एमआयडीसीत लेथवर होता. आईच्या पदराची हिरवी दशी तोडून त्यानं पाईपाचं माप घेतलं, आणि विसरू नये म्हणून बोटाला गुंडाळली. "बाजारातला नगं अव्वा, पितळंचा करून आणतो," म्हणाला. त्याच संध्याकाळी हायवेला ट्रकनं उडवला. लिंगायतांच्या रीतीनं मातीत बसवला तेव्हाही दशी बोटालाच होती. गंगव्वानं कुणाला काढू दिली नाही.

"मग आज कसं काय बोलवलंसा?" गौसनं भीत भीत विचारलं.

"धाकली लेक विद्याश्री येतीया उद्या, बाळंतपणाला. वल्या न्हाणीत पोरगी घसरली म्हंजे? एक लेकरू घालवलं मी, गौस. दुसरं न्हाय घालवायची. सकाळी बसव जा कुणाचाबी रेड्युसर."

एवढं बोलून ती भिंतीकडं तोंड करून बसली.

गौसनं पाईपात लाकडाची गुट्टी ठोकली. पहाटे नळाला पाणी सुटणार. गुट्टी उडाली तर घरात तळं. म्हणून तो सोप्यातच आडवा झाला.

गुट्टीतून थेंब पडत होता.

टप... टप...

गल्लीतली कुत्री गप्प झाली.

टप...

मग थेंबही थांबला.

न्हाणीत पान्याचा आवाज. हळू. कुणीतरी आटे आवळत होतं. गौसचा पाना तर त्याच्या उशाला होता. उठावं म्हटलं... पण तो पाना छातीशी धरून तसाच पडून राहिला.

आतल्या खोलीतून गंगव्वा बोलली. झोपेतलं नव्हे, चांगलं जागेपणीचं.

"आलास व्हय?"

...

"जेवलास का रं?"

...

"दोन घास खाऊन जा की..."

पाना थांबला. कडी वाजली नाही. दार वाजलं नाही.

पहाटे पाणी सुटलं तसा गौस धावला. गुट्टी खाली पडलेली. पाईपावर पितळेचा कोरा रेड्युसर, त्यात नवा कॉक. गळती नाही.

गंगव्वा न्हाणीच्या दारात उभी होती. हातात भाकरीचं ताट. शिवलेलंसुद्धा नाही.

"थांबला न्हाय," ती म्हणाली. "त्येचं काम झालं."

गौसनं जोडाला बोट लावलं. आट्यांवर गळती थांबवायला गुंडाळतात ती टेप नव्हती. हिरवी दशी होती, गच्च गुंडाळलेली. आणि तिच्या पिळात ओली माती.