माशाच्या वासाचं दूध

दूध तपासणी केंद्राच्या बाकावर माझ्या शेजारी एक उंच तरुण चष्मा पुसत बसला होता. माझ्या हातात शेळीच्या दुधाची किटली होती आणि डोकं तापलेलं.

“बराच वेळ लागतो का इथे?” त्याने विचारलं.

“लागू दे. आमचं दूध कोणी बिघडवलं ते तरी कळेल.” मला कोणीतरी ऐकणारं हवंच होतं. “खाद्य कंपनीच्या कुण्या माणसाने आमच्या शेळ्यांना माशाच्या तेलाची भुकटी सुरू केली. दुधातली चांगली चरबी वाढते म्हणे. आता दुधाला मासळीचा वास येतोय, माझं चीज गिऱ्हाइकं परत पाठवतायत... आणि त्या शहाण्याने विचारलं कोणाला? काकांना. काका गोठ्यात येतात ते फोटो काढायला. शेळ्या मी सांभाळते.”

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. माझ्याकडे पाहिलं, मग किटलीकडे —

“तो शहाणा मीच.”

दुसरी एखादी लाजली असती. मी किटलीचं झाकण भरून त्याच्यापुढे धरलं. “मग प्या.”

तो प्यायला. शेवटच्या थेंबापर्यंत. चेहरा सरळ ठेवताना त्याची जी काही तारांबळ उडाली, ती पाहून मला हसू येत होतं. मी ते गिळलं.

तपासणीत चांगली चरबी खरोखरच वाढलेली निघाली. एकूण फॅट मात्र उतरलं होतं.

“कागदावर मी अर्धा बरोबर आहे,” तो हळूच म्हणाला.

“चीज कागदाचं होत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोठ्यात हजर. भुकटी बंद केली, खुराकात थोडं भरडलेलं जवस घालायला सांगितलं. “हळूहळू वाढवू. शेळीच्या पोटाला घाई चालत नाही.”

“मला चालते.”

“ते कळलं कालच.”

मग तो रोज यायला लागला. शेळ्या त्याच्या शर्टाची टोकं चघळत, तो दुधाचा पेला नाकाशी धरून डोळे मिटून वास घेई, आणि मी... मी त्याच्या मिटलेल्या पापण्या बघत उभी राही. पेला परत देताना बोटांना बोटं लागत. दोघंही शेळ्यांकडे बघायचो.

वास गेला, फॅट वर आलं. चीज पुन्हा घट्ट, पांढरंशुभ्र व्हायला लागलं.

आणि एके सकाळी पेंडीच्या दुकानाबाहेर मला कंपनीची जाहिरात दिसली. आमच्या शेळ्या, हसणारे काका, वर मोठ्या अक्षरांत भुकटीचं कौतुक. वासाबद्दल अवाक्षर नाही! मी ती भिंतीवरून ओरबाडली आणि तडक कंपनीत गेले.

“तुमच्या गोठ्यात येणाऱ्या त्या साहेबांकडेच जा ना,” मॅनेजर तुटकपणे म्हणाला. “जाहिरातीखाली स्वतःचं नाव घालू देईनात. गेल्या आठवड्यात राजीनामा फेकून गेले.”

मॅनेजरकडून पत्ता घेऊन मी पोचले, तेव्हा तो भाड्याच्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होता.

“नोकरी सोडलीस?” दारातूनच मी सुरू झाले. “आठवडाभर गोठ्यात येतोस, दूध चाखतोस, आणि मला एक शब्द नाही? आमच्यासाठी भांडलास तेही मला त्या मॅनेजरकडून कळावं? वर खोकी भरून निघालास — कुठे? आणि नोकरीच नव्हती, तर रोज पहाटे उठून येत कशासाठी होतास तू?”

“दुधासाठी नाही.”

हातातली पुस्तकं तशीच धरून तो माझ्याकडे वळला.

“दूध केव्हाच सुधारलं होतं,” तो म्हणाला. “पण तसं सांगितलं असतं, तर उद्यापासून येऊ नका म्हणाली असतीस. आणि बिनकामाच्या माणसाने कुठल्या तोंडाने सांगायचं, की... मला तू आवडतेस.”

माझे कान गरम झाले होते.

“आत्ता तू मला ‘अरे तुरे’ केलंस,” तो म्हणाला.

“रागात केलं.”

“मग राग जाऊ देऊ नकोस.”

“तो जात नाहीच. आधी आपण दोघं जाऊन ती जाहिरात सगळीकडून उतरवायला लावायची. आणि मला न सांगता काही ठरवायचं नाही. कळलं?”

“कळलं.”

मी त्याच्या हातातली पुस्तकं काढून घेतली आणि एकेक करून परत फळीवर लावायला लागले.