साहेबरावांचा चहा

जालन्याच्या स्टँडवर कुंभार पिंपळगावची बस लागली, तशी आकांक्षानं खिडकीतून दस्ती टाकून जागा धरली. आत जाऊन पाहते, तर त्याच जागेवर एक तरुण बसलेला. तिचा रुमाल नीट घडी घालून गुडघ्यावर.

“उठा. जागा माझी हाय.”

“मला वाटलं, कुणाची तरी उडून आली... सांभाळून राह्यलो.”

“नवीन दिसता.”

“इतकं दिसतं?”

तो उठला. अख्खा रस्ता उभ्यानं आला, आणि शिवार पाहायच्या निमित्तानं तिलाच पाहत राहिला. आकांक्षाला राग आला. हल्ली तिला सगळ्याचाच यायचा. साहेबरावांच्या जिनिंगमध्ये तिनं आणि गावातल्या बायकांनी अख्खा हंगाम कापूस निवडला, नाकातोंडात रुई भरून घेतली. मजुरी मागितली तर साहेबराव म्हणाले, “देऊ की! पळून चाललो का?” पुढच्याच महिन्यात त्यांनी नवी गाडी घेतली. पळून जायला नसावी.

बुडवलेली मजुरी शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी जप्ती करून वसूल करायची, असा कायदा राज्यात होता. चांगला कायदा. फक्त जप्तीला आलेला प्रत्येक अधिकारी आधी साहेबरावांचा चहा घ्यायचा. आणि ज्याचा चहा पोटात गेला, त्याच्या दाराला सील कसं लावणार? आपल्याकडे संस्कार आहेत. मग कायदा बायकांसोबत फाटकाबाहेर उभा राहायचा.

दुसऱ्या दिवशी बायका फाटकाबाहेर उभ्या असताना बसमधला तरुण शिपायाला घेऊन जिनिंगमध्ये गेला. तहसीलचा नवा नायब तहसीलदार, मुकुंद.

“या साहेब! पहिले चहा,” साहेबराव म्हणाले.

मुकुंदानं कप उचलला.

“प्या, प्या!” आकांक्षा फाटकातून कडाडली. “आमच्या घामाचा हाय, गोडच लागंल!”

मुकुंदानं कप तसाच खाली ठेवला. “कपबशी, सुस्थितीत,” तो शिपायाला म्हणाला, “घ्या जप्तीत. मंग यंत्रं पाहू.”

“साहेब, अन् आतला चहा?”

“नाशवंत माल. मालकांनी पिऊन कप मोकळा करून द्यावा.”

साहेबरावांनी दिला.

दाराला सील लागल्यावर मुकुंद फाटकाशी आला. “गेला राग?”

“न्हाई. पैसे कुठं हाती पडले?”

“लिलाव जल्दी लावतो... तुमच्यासाठी.”

तिचे डोळे पेटले. “माझ्यासाठी? अन् मी बसमध्ये दिसलेच नसते तर?”

 तो खरं बोलला... “कदाचित प्यायलो असतो चहा.”

“मंग बायकांची मजुरी काय तुमच्या नजरेवर मिळायची का? नशीबच म्हणायचं आमचं, साहेबाला पोरगी आवडली!”

ती निघून गेली. लिलाव झाला, मजुरी वाटली गेली. तिनं घेतली, पण मान वर केली नाही.

पावसाळा सरता सरता शेजारच्या झुंबरबाईंनी बातमी आणली. त्यांच्या माहेरी मुकुंदानं तेलाच्या मिलला जप्ती लावली होती, आणि तिथल्या बायकांचे पैसे सुटले होते.

आकांक्षानं घनसावंगीची तहसील कचेरी गाठली आणि सरळ मुकुंदाच्या टेबलासमोर उभी राहिली.

“तेलाच्या मिलवर कोण आवडली?”

सगळी कचेरी टाइप करायची थांबली.

“कुणीच न्हाई.”

“मंग जप्ती का केली?”

“का म्हणजे? कायदा हाय म्हणून.”

इतकं गोड वाक्य तिला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली.

“हं. आता बोला, त्या दिवशी काय सांगत होते?”

“पण तुमचा राग...”

“तो हाय. लग्नानंतरबी राहील. चालंल?”

“बिलकुल,” मुकुंद म्हणाला.