आवाज राहिला तर

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात उस्मानाबादच्या एसटी स्टँडवर यशोधराला घेरी आली. ढोकीची गाडी लागली होती, दाराशी रेटारेटी चालली होती, आणि ती खांबाला धरून खालीच बसली. डोळे उघडले तेव्हा एक किडकिडीत तरुण पाण्याची बाटली घेऊन समोर उकिडवा बसला होता. त्या दुष्काळात पाणी कुणी सहजी देत नव्हतं. ती दोन घोट प्याली...

"सगळं घ्या. मला तहान न्हाय," तो म्हणाला. त्याचे ओठ मात्र सुकून फुटले होते.

बब्रुवान त्याचं नाव. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा. बहीण ढोकीला दिलेली होती. यशोधरा ढोकीच्याच शाळेत शिकवायची आणि शनिवारी औषधाला उस्मानाबादला यायची. पुढं दर शनिवारी गाडीत तिच्यासाठी रुमाल टाकून जागा धरलेली असायची.

"सारखं येता, बहीण काही म्हणत न्हाय?"

"म्हणते की. आधी दिवाळीलासुद्धा येत नव्हतास म्हणते."

ती हसली, आणि लगेच खिडकीबाहेर बघू लागली. करपलेली रानं मागं पळत होती.

एका शनिवारी तिनं सगळं सांगून टाकलं. सोलापूरच्या डॉक्टरांच्या मते तिच्या हृदयाची झडप खराब होती, बाळंतपण झेपणार नव्हतं. उस्मानाबादचे डॉक्टर म्हणत होते, झडप चांगली आहे, अंगात रक्त कमी आहे एवढंच. तिची आई सारजाबाई पाहुण्यांना उस्मानाबादच्या डॉक्टरांचं सांगायची, पण सोलापूरच्यांचं त्यांच्या कानावर जायचंच. आलेली स्थळं परत फिरली होती.

"खरं कुणाचं?" तिनं विचारलं.

"झडपेबद्दल दोघंही खरे असू शकत न्हाईत," तो सावकाश म्हणाला. "पण त्यांनी ऐकलं काय आणि त्यावरून ठरवलं काय, हे वेगवेगळं धरू. सोलापूरच्यांनी काय ऐकलं?"

"छातीत जादा आवाज येतो म्हणाले."

"आणि इथल्यांनी?"

"त्यांनीही ऐकला. पण रक्त कमी असलं की तसा येतो, म्हणाले."

"म्हणजे आवाजावर दोघांचं एकमत आहे. भांडण कारणावर. कारण नुसतं रक्ताचं असेल, तर रक्त भरल्यावर आवाज जायला हवा. आणि रक्त भरूनही राहिला, तर—"



"बोला की."

"तर इथले डॉक्टर चुकले."

आजवर तिच्या दुखण्याबद्दल लोक कुजबुजत तरी होते, नाहीतर हळहळत तरी. असं सरळ कुणी बोललं नव्हतं. तिला बरं वाटलं... आणि भीतीही.

तिनं लोहाच्या गोळ्या नेमानं घेतल्या. तो कुठून कुठून गूळ-शेंगदाणे आणायचा. पावसाळा सरेतो तिच्या चेहऱ्यावर तजेला आला.

"ओठ लाल दिसतात आज," तो एकदा म्हणाला.

"पान खाल्लंय."

"पान तुम्हाला आवडत न्हाय."

तिनं पदर ओठांवर धरला. आत कुठंतरी आशा धरायची चूक तिच्याकडून झालीच होती.

दिवाळीआधी ती उस्मानाबादच्या त्याच डॉक्टरांकडं गेली. बब्रुवान बाहेर थांबला. डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवून पुन्हा पुन्हा ऐकलं, मग कानांतली नळी काढली. रक्त चांगलं भरलं होतं. आवाज तसाच होता. आपलं चुकलं, असं त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं. जपून राहिलं तर काही वर्षं बरी जातील, पण मूल नको.

बाहेर लिंबाखाली येऊन तिनं त्याला शब्दन् शब्द सांगितला. त्याचा चेहरा उतरला.

"तुमचं शास्त्र बरोबर निघालं," ती म्हणाली.

"खोटं निघावं म्हणून रोज वाट बघत होतो."

"आता मला भेटत जाऊ नका. मूल होणार न्हाय. जगेन किती, तेही ठाऊक न्हाय. ह्यातून काय निघतं ते तुम्हाला मी शिकवायचं का?"



"ह्यातून एवढंच निघतं की मूल होणार न्हाय," तो म्हणाला. "तुम्हाला मागणी घालू नये, असं त्यातून निघत न्हाय. मी लई तपासून बघितलंय."

तिला रडू आवरेना. त्यानं हात पुढं केला, लोक बघतील म्हणून मागं घेतला, आणि पुन्हा पुढं केला.

"तुमच्या आईला भेटायला कधी येऊ?"

"आजच या," ती म्हणाली. "थांबण्याइतका वेळ माझ्याकडं न्हाय."