दिवा लागल्यावरच

भर उन्हाळ्यात मी स्वेटर घेऊन घराबाहेर पडतो, त्याचं शेजाऱ्यांना भारी हसू येतं. हसेनात का. आमच्या सर्व्हर रूममध्ये बारा महिने थंडी. पंख्यांची घरघर, पांढरा उजेड आणि ओळीने उभी लोखंडी कपाटं. लोकांच्या वेबसाइट्स राहतात त्या या कपाटांत, आणि बिघडलेल्या डिस्क बदलायचं काम माझं.

नियम साधा. वरच्या मजल्यावरचा माणूस पडद्यावर बघून बिघडलेल्या डिस्कचा निळा दिवा लावतो, खालचा माणूस तीच डिस्क ओढतो. कामाच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो, दिवा लागल्याशिवाय हात लावायचा नाही. वर बारा वर्षं माझा धाकटा भाऊ बसायचा. त्याची एक खोड होती. दिवा दोनदा मिचकावायचा आणि मग लावून ठेवायचा. "डोळा मारतो तुला," म्हणायचा, "डुलकी लागली असेल तर जागा हो." गाढव कुठला!

आठ महिन्यांपूर्वी तो गेला. साध्या तापाचं निमित्त झालं.

सहाव्या कपाटातल्या एका जुन्या मशीनवर त्याने आईसाठी एक पान करून ठेवलं होतं. सकाळी तिने फोनवर ते उघडलं की त्याचा आवाज यायचा, "आई, उठलीस का? गोळी घे. कडी नीट लाव. येतो मी." बस, एवढंच. तो गेल्यावरही आई रोज ते ऐकायची, मगच गोळी घ्यायची. कडी मात्र लावायची नाही. "येतो म्हणालाय ना," म्हणायची.

लोकांच्या साइट्सच्या आम्ही तीन-तीन प्रती ठेवतो. या पानाची एकही नव्हती. तो आवाज ऐकायचा मला धीर होत नव्हता. उद्या करू, उद्या करू, असं चाललं होतं.

परवा त्या मशीनच्या दोन डिस्कपैकी एक गेली. दोन्हींवर तेच असतं, म्हणून एकीवर भागत होतं. गेलेली बदलायची आणि लगेच प्रत काढायची, असं ठरवून मी काल सकाळी अकराला खाली गेलो. कागदावर होतं, डावी खराब. वर आता एक नवीन मुलगी बसते. "दादा, दोन मिनिटं थांबा हं, मी अजून जिन्यातच आहे," ती फोनवर म्हणाली.

मी थांबलो.

उजव्या डिस्कचा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला, विझला. मग लागून राहिला.

कागद हातातच होता, डावी म्हणत होता. पण बारा वर्षांत त्याचा दिवा एकदाही चुकला नव्हता.

मी उजवी ओढली.

मशीन गप्प झालं.

फोन वाजला. "दादा, काय काढलंत? मी आत्ता येऊन बसतेय!"

डिस्क परत घातली. काढली, घातली. संध्याकाळपर्यंत जंग जंग पछाडलं. नुसती ओढून डिस्क पुसली जात नाही, पण ही कोरी होती.

अंधार पडल्यावर घरी आलो. भावाला दुसऱ्यांदा पोचवून आलो होतो मी, आणि या खेपेला माझ्याच हाताने. दार नुसतं लोटलेलं होतं. बूटही न काढता मी आईला सगळं सांगून टाकलं आणि लहान मुलासारखा रडलो. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"मला ठाऊक आहे रे," ती म्हणाली. "सकाळी सात वाजताच बोलला. आज 'येतो' नाही म्हणाला. 'जातो' म्हणाला. मी रागावले. म्हटलं, जातो म्हणू नये बाळा, येतो म्हणावं."

"मग?"

"मग हसला. म्हणाला, आठ महिने रोज येतो म्हणतोय गं. दारातच उभा आहे. दमलो. दादाला सांगून सुटतो आज. तू आता कडी लाव."

आई उठली. कडी लावली, ओढून बघितली.

खिडकीतून बाहेरच्या पायरीवरचा दिवा दिसत होता. तो दोनदा मिचकला आणि विझला.